सत्तावन्न हजार कमी एक अब्ज

परार्धापर्यंतचे आकडे मला शाळेने नाही, मायने शिकवले. ती स्वतः चौथी शिकलेली. तुरीच्या शेंगा सोलता सोलता ती म्हणायची, एकं, दहं, शतं, सहस्र, आणि मी तिच्या मागून. कोटी, दशकोटी झाले की अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. एकदा मी विचारलं, परार्धाच्या पुढं काय? "पुढं आपलं काम न्हाई," ती म्हणाली. मी मोठा होऊन गणिताचा मास्तर झालो, पूर्णेच्या शाळेत तेवीस वर्षं काढली, पण खर्व-निखर्व मोजायची वेळ कधी आली नाही. अब्जाची मात्र आली, आणि तिथेच मी माती खाल्ली.

पिंगळीजवळच्या आमच्या गावात मारुतीच्या देवळावर नवा कळस चढवायचा होता. शेजारच्या गावाने कळसाआधी एक कोटी रामनामाचा जप केला होता, म्हणून आमच्या गावाने एक अब्जाचा संकल्प सोडला. अब्ज म्हणजे शंभर कोटी, हे सभेत किती जणांना ठाऊक होतं देव जाणे. शब्द भारदस्त होता, हात वर झाले. पन्नास-एक बायकांना वह्या वाटल्या. रोज जेवढा जप होईल तेवढा वहीत मांडायचा. पुरुषांनी मांडव बघायचा ठरला. आमच्याकडे जीभ बायकांची झिजते आणि फोटो पुरुषांचे निघतात.

मायने रोजच्या तीस माळा धरल्या. माळेत मणी एकशे आठ, पण मोजायचे शंभरच. मन कुठे भरकटलं असेल, एखादं नाम अर्धवट राहिलं असेल, त्यापोटी आठ सोडून द्यायचे. म्हणजे दिवसाचे तीन हजार. ती ते रोज संध्याकाळी वहीत लिहायची.

पावसाळ्यात तिला चिकुनगुनिया झाला. बोटं सुजली, मणी सरकेना. एकोणीस दिवस वही कोरी राहिली. उठून बसल्यावर पहिलं काय बोलली तर, "सत्तावन्न हजार कमी पडले रं. माझ्यामुळं अब्ज मोडंल."

मी हसलो. म्हणालो, "माय, कुणी मोजणार न्हाई."

"मोजणार न्हाईत, तर सांगायलेत कशाला?"

जास्तीच्या माळा ओढून तिने तूट भरून काढायचा प्रयत्न केला, पण बोटं रोजच्या तिसांनाच कशीबशी पुरायची. शेवटी मला म्हणाली, "समितीला सांग, एका बाईचे एवढे कमी हायेत. लपवू नको."

कळसाच्या आदल्या आठवड्यात सगळ्या वह्या माझ्यापुढे आल्या. देवळाच्या ओट्यावर बसून बेरीज केली. वर्षभराचा जप चार कोटी बारा लाख. समितीचा अध्यक्ष आमच्या भावकीतलाच, वयाने माझ्याहून लहान. त्याला म्हणालो, या वेगाने अब्जाला अजून तेवीस वर्षं लागतील.

"सर, फ्लेक्स छापून झालाय," तो म्हणाला.

"मग खोटं लिहायचं का?"

"खोटं कसं? पुण्या-मुंबईला गेलेली माणसं मनातल्या मनात जपायलीतच की. इतर भाविक धरा."

मी पेन खाली ठेवायला पाहिजे होतं. भोवती पाच-सहा जण उभे होते, माझ्यासाठी चहा सांगितला होता, आणि उठून जायचा मला धीर झाला नाही. 'इतर भाविक' असं लिहून मी पुढे पंच्याण्णव कोटी अठ्ठ्याऐंशी लाख मांडले. बेरीज चोख आली. मायच्या सत्तावन्न हजारांबद्दल मी अवाक्षर काढलं नाही.

कळसाच्या दिवशी स्पीकरवरून तीनदा एक अब्ज पुकारलं. बायका खाली सतरंजीवर बसल्या होत्या. अध्यक्षाचा सत्कार झाला, माझाही झाला. माय मांडवात आलीच नव्हती. कमी पडलेल्या बाईनं तिथं कसं बसावं, म्हणून घराच्या पायरीवर बसून ऐकत होती. मी शाल आणि नारळ घेऊन घरी आलो.

"झालं पूर्ण?"

"झालं."

"मग माझे कुणी भरले?"

"इतर भाविकांनी."

"कोण बाई?"

"हाय एक परगावची," मी ठोकून दिलं. मला वाटलं, म्हातारीच्या जिवाचा घोर मिटेल.

ती म्हणाली, "देवाचं फिटलं. तिचं राहिलं."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी ती पुन्हा माळ घेऊन बसली. बोटं आता आणखी आखडलेली, दिवसाला पाचच माळा व्हायच्या. राहू दे म्हटलं तर ऐकू आलं नाही असं करायची. खरं सांगून टाकावं असं मला रोज वाटायचं, आणि रोज सकाळी मी पिंगळीला गाडी धरून पूर्णेला निघून जायचो. चार महिने हे चाललं. दुसऱ्यांच्या पोरांना हातचा विसरला म्हणून ओरडणारा मी, घरी तोंड उघडू शकलो नाही. याची मला शिसारी येते.

शेवटी तिने वही माझ्या हातात दिली. शेवटच्या पानावर सत्तावन्न हजार, तिची तिन्ही शून्यं वेडीवाकडी. "तिला पोचती कर," म्हणाली. "आणि सांग, वरचे आठ धरले न्हाईत."

वही शाळेच्या कपाटात आहे, हजेरीपटांच्या खाली. यंदाच्या दिवाळीत मायने विचारलं, ती बाई काय म्हणाली. मी म्हणालो, काहीच म्हणाली नाही.