विणणारीचं नाव

स्लिवेन शहरातल्या कापड गिरणीत दोच्का मिनेवा सोळाव्या वर्षी मागावर बसली, ती बोटं वाकडी होईपर्यंत उठली नाही. नेव्याना राइचेवा तिला तिथेच भेटली. नेव्याना राजधानीतून, सोफियाच्या कला अकादमीतून शिकून आलेली. मोठमोठ्या दिवाणखान्यांत टांगायच्या विणलेल्या चित्रांचे आराखडे ती करायची. आराखडा नेव्यानाचा, विणकाम दोच्काचं, असं एकतीस वर्षं चाललं. राहायच्या दोघी नेव्यानाच्या घरात, झोपायच्या एकाच पलंगावर. शेजाऱ्यांना सांगितलं होतं, गावाकडची मामेबहीण आहे.

एकदा सांस्कृतिक भवनासाठी नेव्यानाने पीच तोडणाऱ्या दोन बायका काढल्या. सत्तेवरच्या कम्युनिस्ट पक्षाच्या समितीने विचारलं, यात पुरुष कुठाय? नेव्यानाने मुकाट्याने दोघींच्या मध्ये एक ट्रॅक्टरवाला घातला. तो दोच्काला विणावा लागला. पुरता महिना ती त्याच्याकडे बघत दात-ओठ खात होती.

पुढे ते कम्युनिस्टांचं राज्य गेलं, गिरणी गेली, भवन कुणा व्यापाऱ्याने घेतलं. चित्र गुंडाळून तळघरात टाकलं गेलं. मग नेव्याना आजारी पडली आणि चार महिन्यांत गेली. चाळिसाव्या दिवशी मृताच्या नावाने वाटायचे गहू शिजायच्या आधीच तिचा भाचा ओग्नयान याने घराचं कुलूप बदललं. भाडेकरू बाईंनी आपलं सामान न्यावं, असा निरोप आणि तेवढ्यापुरती किल्ली त्याने शेजारणीकडे ठेवली. दोच्काने कपड्यांची एक पिशवी घेतली आणि कागदाची एक गुंडाळी. ते पहिलं चित्र होतं, ट्रॅक्टरवाल्याच्या आधीचं. मागे नेव्यानाच्या अक्षरात लिहिलेलं, ‘दोच्का, डावीकडची तू. ओळखू येणार नाहीस अशी काढलीय.’

स्लिवेनजवळच्या आपल्या गावी, भावाच्या घरामागच्या खोलीत दोच्काची बारा वर्षं गेली. चिंध्यांच्या सतरंज्या विणायची, बाजारात विकायची. एक दिवस सोफियाहून रालित्सा आली. तिशीची पोरगी, सोफियाच्या एका कलादालनात प्रदर्शनं मांडणारी. त्या काळातल्या बायकांची कला, बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांची कला, असं काहीतरी मांडायचं होतं तिला. तळघरातलं चित्र तिने शोधून काढलं होतं. उंदरांनी कोपरा खाल्ला होता. दोच्काने पाच आठवडे बसून तो पुन्हा विणला.

विणता विणता ती बोलली. जन्मात पहिल्यांदा बोलली. तुमच्या नात्याला त्या काळी काय म्हणायचे, असं रालित्साने विचारलं, तेव्हा दोच्का म्हणाली, “आम्हाला शब्द नव्हता. पलंग होता.”

रालित्सा हसली आणि मग रडली. तिने शब्द दिला, तुमचं नाव नेव्यानाच्या शेजारी लागेल, त्याच आकाराच्या अक्षरात. दोच्काने तिला ती गुंडाळीही दिली, प्रदर्शनापुरती.

उद्घाटनाला दोच्का भावाच्या मुलीचा कोट घालून गेली. चित्राखाली पाटी होती, ‘आराखडा: नेव्याना राइचेवा. विणकाम: अनाम कामगार स्त्रिया.’ समोरच्या भिंतीवर हातभर अक्षरांत तिचंच वाक्य होतं, शब्द नव्हता, पलंग होता. खाली लिहिलेलं, ‘एक स्त्री, स्लिवेन.’ पोरंपोरी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढत होती.

रालित्सा धावत आली. ओग्नयानच्या वकिलाचं पत्र आलं होतं, आपल्या मावशीची, नेव्यानाची, बदनामी खपवून घेणार नाही म्हणून. निवडणूक तोंडावर, सरकारी कलादालनाच्या संचालकसाहेबांना वाद नको होता. “नाव घातलं असतं तर प्रदर्शनच बंद पडलं असतं, मावशी.”

“पडू द्यायचं होतं,” दोच्का म्हणाली. “चाळीस वर्षं नाव मीच लपवलं. ते काम मला चांगलं येतं. त्यासाठी तुम्ही कशाला आलात?”

तिने आपला कागद परत मागितला. तो काचेच्या पेटीत होता, लिहिलेली बाजू खाली. रालित्सा म्हणाली, तो देता येत नाही. काढणारी नेव्याना, म्हणजे कागद कायद्याने भाच्याचा. त्याला या प्रदर्शनावरूनच कळलं होतं की असा कागद आहे. दोच्काने काचेवर हात ठेवला, तेव्हा पहारेकरी बाईने तो हळूच उचलून बाजूला केला.

ओग्नयानने तो कागद त्याच कलादालनाला विकला. वसंतात रालित्साचा फोन आला. म्हणाली, आता तो सुरक्षित आहे, योग्य तापमानात. गुरुवारी पेन्शनरांना तिकीट पडत नाही.

दोच्का पहाटेच्या बसने निघाली, दुपारपर्यंत पोहोचली. खिडकीतल्या बाईने यंत्रात बघून सांगितलं की ते चित्र मांडलेलं नाही, कोठारात आहे. बघायचं तर अर्ज करा, आणि अर्जात चित्राशी आपला संबंध काय ते लिहा.

दोच्काने पेन घेतलं. संबंधाच्या रकान्यावर ते टेकवलं, उचललं. मग अर्ज कोरा ठेवून स्लिवेनच्या बसला वेळ आहे का, ते तिने विचारलं.