मायची केळी आणि अण्णांचा करा

मी तापट आहे. मी मातीकामाला बसले की घरातलं कोणी पार्किंगच्या शेडकडे फिरकत नाही. नांदेडच्या आमच्या घरी गाडी बाहेर उन्हात उभी असते आणि शेडमध्ये माझी मातीची पोती, पाट आणि विजेची छोटी भट्टी.

माय गेल्यापासून अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडेच आहेत. कंधारकडचं शेत बटईनं दिलंय. अण्णा दिवसभर शेडसमोर खुर्चीत बसायचे. बोलणं जवळजवळ बंदच. काही विचारलं तर हाव, नाहीतर न्हाई.

मायला जाऊन पहिलीच आखिती येत होती. आमच्यात अक्षय्य तृतीयेला गेलेल्या माणसाच्या नावानं मातीचं नवं भांडं पाण्यानं भरून पुजतात. बाईमाणसासाठी केळी, बाप्यासाठी करा. बाजारात ढिगानं मिळतात. पण मी हट्टाला पेटले. मायची केळी माझ्याच हातची होणार, आणि तीही आमच्या शेतातल्या मातीची. तिचा सगळा जन्म त्या मातीत गेला, मग दुसरी कशाला?

बटईदारानं पोतंभर काळी माती एसटीत टाकून पाठवली. मी ती चाळली, भिजवली, तुडवली, वळ्यांवर वळ्या रचून केळी उभी केली. सकाळी पाहते तर पोटावर आडवी भेग. दुसरी वाळताना बुडातून उकलली. तिसरी भट्टीत फुटली. सण आठ दिवसांवर आला होता. मी फुटका तुकडा भिंतीवर हाणला आणि तिथेच बसून रडले. जगाला फुलदाण्या करून दिल्या, अन् मायसाठी एक भांडं होईना!

"काळी पिकायची माती हाय बाई," अण्णा खुर्चीतूनच म्हणाले. "भाजायची न्हाई. तुझी माय चुलीला बी ती घेत नव्हती."

हे आधी का नाही सांगितलं म्हणून मी त्यांच्यावर खेकसले. तू विचारलंस कुठं, म्हणाले. खरंच होतं. उन्हाळ्यात त्याच रानाच्या भेगांत लहानपणी माझा पाय अडकला होता, तरी डोक्यात आलं नाही. शहाणपण सगळं मोबाइलवर बघून शिकलेलं.

दुसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी. चप्पल नाही, फोन उशाशी पडलेला. मी सगळी गल्ली पालथी घातली. दिवस मावळता मावळता अण्णा ऑटोतून उतरले. धोतर चिखलानं माखलेलं, हातात जड पिशवी. गावच्या तळ्याचा गाळ होता. माय चुलीसाठी तो कुठून काढायची ती जागा फक्त त्यांना ठाऊक होती. माय गेल्यापासून फाटकाबाहेर न पडलेला माणूस दोन बसा बदलून गेला आणि आला. मला रागवायचं होतं, पण मी आधी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. गाळात चुलीची चाळलेली राख किती घालायची, तेही त्यांनीच सांगितलं.

केळी झाली. जराशी कलंडलेली, पण अख्खी. आखितीला अण्णांनी तिच्यात पाणी भरलं, वर खरबूज ठेवलं, पुरणपोळी आणि आमरसाचा नैवेद्य दाखवला. थोड्या वेळानं केळी बाहेरून ओलसर झाली. अण्णांनी तिला तळवा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

मग म्हणाले, "उरल्या मातीचा करा करून ठेव. मला बी तुझ्याच हातचा पाहिजे."

माझं डोकंच सरकलं. सणाच्या दिवशी हे काय वंगाळ बोलता, म्हणून मी त्यांना नाही नाही ते बोलले. त्यांनी निवांत ऐकून घेतलं आणि आणखी एक पोळी मागितली.

उरलेला गोळा मी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलाय. फडकं वाळू देत नाही. अण्णा अधूनमधून विचारतात, झाला का करा? मी म्हणते, माती अजून मुरायची आहे. ते हाव म्हणतात. परवा मी बाजारातून आले, तर अण्णा शेडमध्ये वाकून स्वतःच त्या फडक्यावर पाणी शिंपडत होते.