पुडीतलं जावळ

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. सांगायला बसलो की मी आधी माझ्या कामाबद्दलच बोलू लागतो — आताही तसंच होणार, पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

दोन हजार सालच्या सुमारास मी पुण्यात पुंज रसायनशास्त्रात, म्हणजे क्वांटम केमिस्ट्रीत, संशोधन करत होतो. डीएनएमधून इलेक्ट्रॉन कसा सरकतो, त्याची वायर होऊ शकेल का — हे सगळं कॉम्प्युटरवर, गणितं मांडून. खरं रक्त, खरा केस मी कधी तपासला नव्हता. पारगावला चुलत्यांकडे हे एकदा समजावून सांगितलं, तर तात्या म्हणाले, "म्हंजी वायरमनच झाला की रं तू." सगळं अंगण हसलं. तेव्हापासून मी एवढंच सांगायचो — डीएनएवर काम करतो. लोक जरा सावरून बसायचे. आवडायचं मला ते.

पुढे तात्यांच्या नातवाचे, म्हणजे माझ्या चुलतभावाच्या मुलाचे, डोळे घारे निघाले. घरात कुणाचेच तसे नव्हते. जावळाच्या दिवशी तात्यांनी मला गोठ्यामागे नेलं आणि कापलेल्या केसांची पुडी खिशात कोंबली.

"टीव्हीत दावत्यात तसं मशीन आसंल तुझ्याकडं. पोरगं आमचंच हाय का, तेवढं बघ. कुणाला बोलू नको."

मला काय कळत नव्हतं? काळ्या डोळ्यांच्या आईबापांना घारं मूल होऊ शकतं — शाळेत शिकलेली गोष्ट. तेवढं बोललो असतो तर बहुतेक तिथंच मिटलं असतं. पण तात्या माझ्याशी असं आवाज खाली करून पूर्वी कधी बोलले नव्हते. तो मान सोडवेना. मी म्हणालो, "बघतो."

पुडी मी पुण्यात कचऱ्यात टाकली. काही दिवसांनी तात्यांचा फोन आला. मी म्हणालो, "नक्की काही सांगता येत नाही." वाक्य खोटं नव्हतं — असं मी कितीतरी वर्षं स्वतःला बजावलं. पण त्यांनी काय अर्थ घेतला, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. वहिनींना लेकरासकट माहेरी, येडगावला, धाडलं. भावाने दुसरं लग्न केलं. मी त्या लग्नात जेवलो.

बऱ्याच वर्षांनी पेठच्या स्टँडवर वहिनी भेटल्या. आधी माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग म्हणाल्या, "भाऊजी, ते तुमचं मशीन — चुकतं का हो कधी?"

"चुकतं कधी कधी," मी म्हणालो.

"मला वाटलंच व्हतं."

त्यांना बरं वाटलेलं दिसलं. एसटी आली, त्या चढल्या. मशीन कधी नव्हतंच, हे मी त्यांना सांगितलं नाही.