चितारीआबांचा अभिमन्यू

चितारीआबा चित्रातले डोळे सगळ्यांत शेवटी रंगवायचे आणि त्याआधी चित्रालाच विचारायचे, "उघडू का रं?" मग उत्तर ऐकल्यासारखी मान हलवायचे. आम्ही नव्या सुना पदराआड हसायचो. सांगलीहून आलेला हा म्हातारा. आमटीत मीठ नसलं तरी त्याला कळायचं नाही, पण घोड्याच्या एका कानापायी अर्धा दिवस घालवायचा.

कोरेगावजवळच्या आमच्या गावातली निम्मी तरणी माणसं तेव्हा लामावर, म्हणजे लढाईवर गेलेली. माझे मालकही. म्हणून पाटलांनी मारुतीच्या देवळात चक्रव्यूहातला अभिमन्यू काढायला सांगितला. आबांनी काढला, पण त्याच्या तोंडावर शौर्य नव्हतं, भीती होती. पाटील चिडले. आबा म्हणाले, "पोरगं हाय वो. भ्याणार न्हाई तर काय करंल?"

भोवती रथांचं कडं, कुठं फट म्हणून नाही. माझं हसू तिथंच संपलं. पाण्याला जाताना मी तोंड फिरवून जायचे. पोस्टमनची सायकल वाजली की मी दाराआड व्हायचे. डोळे उघडायचा दिवस आला तेव्हा मला राहवेना.

"आबा, ह्यो काय परत येत न्हाई. माझं माणूस तिकडं हाय. नगा उघडू."

आबांनी कुंचला खाली ठेवला. "माझंबी पोर तिकडंच हाय, बाई."

दुसऱ्या दिवशी बघते तर कड्यातला एक रथ पुसलेला, आणि तिथून आमच्या ओढ्याकडची पायवाट निघालेली. पाटील ओरडले, "पुराणात कुठं हाय ही वाट?"

"न्हाई. पर तुमचा धाकलाबी हितनंच येणार हाय."

पाटील बाजूला सरले. आबांनी विचारून डोळे उघडले. अभिमन्यू वाटेकडं बघत होता.

थोड्याच दिवसांत सायकल वाजली. माझ्या दारावरून पुढं गेली, पाटलांच्याही, आणि देवळापाशी थांबली. शाळेच्या मास्तरांनी तार वाचली. आबांचा मुलगा गेला होता.

आबा रडले नाहीत. रंग कालवायला बसले, तशा सगळ्या बायका पुढं धावल्या. आता हे वाट बुजवणार! मी त्यांचे पायच धरले.

"ऊठ गं," ते म्हणाले, "बाकीची यायची हायती."

त्यानंतर ते गाव सोडून कधी गेले, कुणालाच कळलं नाही. मालक परतले तेव्हा मी आधी त्यांना देवळात नेलं. पायवाटेवर आबांनी एक पोरगा काढून ठेवला होता, खांद्याला पिशवी, तोंड घराकडं. त्याचे डोळे तेवढे उघडलेले नव्हते. त्याला विचारायचा आबांना धीर झाला नसावा.