संध्याकाळचं रक्त

सुईमामा आधी दंड बघायचे नाहीत, डोळे बघायचे. "झोपलास किती?" हा पहिला प्रश्न. मग "ताप-बिप आलता का?", मग "जिमवाल्याचं कायतरी घेतोस का?" एवढं विचारून झालं की मगच सुई. नेरूळला आमच्या सोसायटीसमोरच्या लॅबमध्ये रक्त काढण्यात त्यांची वीसेक वर्षं गेली होती. माणूस मूळचा शेजारच्या शिरवणे गावातला, पक्का गाववाला.

घाईतल्या लोकांना या प्रश्नांचा राग यायचा. मामा ढिम्म! "सुई दोन मिन्टांची हाय, रिपोट वरीसभर डोक्यात राहतो," म्हणायचे. आमच्या मजल्यावरच्या आजींची शीर कुणालाच सापडायची नाही. मामा त्यांना नातवाबद्दल बोलतं करायचे आणि तेवढ्यात रक्त काढून मोकळे व्हायचे.

आमच्या लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं. बायकोच्या तपासण्या नीट आल्या, म्हणून डॉक्टरबाईंनी मला पुरुषी हार्मोन तपासायची चिठ्ठी दिली: टेस्टोस्टेरॉन, टोटल, सकाळी. पण सकाळी लॅबमध्ये निम्मी सोसायटी शुगर तपासायला बसलेली. कोण जाणार तिथं? मी संध्याकाळी सहाला गेलो आणि भिंतीवर जाहिरात होती ते पुरुषांचं पॅकेज मागितलं.

मामांनी मला आत नेलं, दार लावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "पॅकेज नको. चिठ्ठीत हाय तेवढंच कर, पन सकाली उपाशीपोटी. सांजचा आकडा खाली दिसतो. सकालचा पन कमी आला तर परत एकदा काढू, फ्री टेस्टोस्टेरॉनची दुसरी टेस्ट असते, ती मग बघू. सातला ये, कोनी नसतं. मी दार उघडतो."

कोणी नसतं! म्हणजे यांना माझी लाज कळली. मी भडकलो. "तुम्ही रक्त काढा हो, डॉक्टर होऊ नका!" बाहेर येऊन लॅबच्या मालकाला सांगितलं की, हा माणूस माझी खासगी गोष्ट चारचौघांत मोठ्यानं बोलला. धडधडीत खोटं. महिनाअखेरीस मामांना घरी बसवलं.

त्यांच्या जागी आलेल्या मुलीनं संध्याकाळीच मुकाट रक्त काढलं. आकडा कमी आला. धसका घेऊन, डॉक्टरबाईंना न विचारता, जिमवाल्याच्या ओळखीनं मी हार्मोनची इंजेक्शनं सुरू केली. तीन महिन्यांनी बाईंना हे सांगितलं, तर त्यांनी कपाळावर हात मारला. "संध्याकाळच्या एका रिपोर्टवर? अहो, मूल हवं असताना हे घ्यायचं नसतं! यानं शुक्रजंतू बनायचेच थांबतात." आता औषध बंद आहे. पूर्ववत व्हायला किती महिने लागतील, त्यांनाही सांगता येत नाही.

परवा शिरवण्याला मामांच्या घरी गेलो. मामा ओट्यावर बसले होते. मला बघून खूश झाले. "मालकाला कोनीतरी खोटं सांगितलं रं. जाऊ दे. तुझं सांग, सकालचं काढलंस ना?"

"काढलं मामा. नॉर्मल आलं."

"बघ, मी बोललो नव्हतो?" म्हणत त्यांनी आत चहा सांगितला.

माफी मागायला गेलो होतो. चहा पिऊन परत आलो.