हॉलमधला मुलाखतीचा क्लास

आमच्या जालन्याच्या घरात कॉम्प्युटर एकच होता, तोही हॉलमध्ये, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. त्यामुळे पुण्याच्या समुपदेशक बाईंशी मी जे काही बोलले, ते घरादाराच्या देखत. हेडफोनमधून त्यांचा आवाज फक्त मला यायचा. माझा मात्र स्वयंपाकघरापर्यंत जायचा. म्हणून मी इंग्रजीतच बोलायचे. घरी सांगितलं होतं, नेटवरून मुलाखतीचा क्लास आहे. ते सगळ्यांना पटलं. इंग्रजी शाळेत घालूनही पोरगी चारचौघांत तोंड उघडत नाही, हे आईचं जुनंच दुखणं होतं.

क्लास रविवारी दुपारी, लोडशेडिंग संपलं की. मी तेव्हा एका शाळेत शिकवत होते. वर्गात जायच्या आधी हात गार पडायचे, छातीवर कुणी पाट ठेवल्यासारखं व्हायचं. साखरपुडा ठरल्यापासून ते वाढलं होतं. मुलगा औरंगाबादला नोकरीला होता, साधा. रोज संध्याकाळी फोन करून जेवलीस का, एवढं विचारायचा. त्याच्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं आणि त्यानंच मी जास्त थकत होते. खोट असती तर सांगता आली असती. मला फक्त वेळ हवा होता, आणि तो मागायला तोंड उघडत नव्हतं. बाईंनाही मी झोपेबद्दल, शाळेबद्दल सांगत राहायचे. त्या विचारायच्या, आणि घरी? मी म्हणायचे, सगळं ठीक.

एका रविवारी क्लास सुरू असतानाच मुलाच्या आई वडीगोद्रीहून आल्या, न कळवता. बाजाराला आल्या होत्या, मोसंब्यांची पिशवी घेऊन डोकावल्या. मी हेडफोन काढायला लागले.

"उठू नको," माझी आई म्हणाली. "चालू ठेव. ऐकू दे त्यांनाबी."

आणि तिने त्यांना माझ्या पाठीमागच्या दिवाणावर बसवलं.

कानात बाईंनी विचारलं, कोणी आलंय का. मी सांगितलं, माझ्या होणाऱ्या सासूबाई मागे बसून मोसंबी सोलताहेत. मग थांबायचं का, त्यांनी विचारलं. का कोण जाणे, मी नको म्हणाले. मॅरेज, एंगेजमेंट हे शब्द कुणालाही कळतात. ते टाळून मी एका सुरात बोलत गेले. पुढच्या महिन्यातला तो दिवस मला नको आहे, निदान इतक्यात नको. मला कुणी विचारलं नाही, मीही नाही म्हणाले नाही, आणि आता जेवताना घास खाली उतरत नाही. भिंतीकडे बघत सगळं बोलले. आवाजही कापला नाही.

"एकदाबी अडखळली न्हाई, बघा," मागून सासूबाई आईला म्हणाल्या. "आम्ही बघायला आल्तो तवा मान वर केली न्हवती. आता आमच्या घरात साहेबीण येणार म्हणा की."

दोघी हसल्या.  कानात बाई एवढंच म्हणाल्या की, तुम्ही हे आज पहिल्यांदा बोललात, आणि ज्यांना कळायला हवं त्यांना त्यातलं काही कळलेलं नाही. मी थँक यू म्हणून हेडफोन काढला. सासूबाईंनी सोललेल्या फोडी माझ्या हातावर ठेवल्या. गोड होत्या. मी खाल्ल्या.

त्या गेल्यावर आई साली गोळा करत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मुलाखत द्यायला रडावं लागतं का गं?"

मी हेडफोनची वायर गुंडाळायला लागले.

"पाठमोरी बसलीस तरी खांदे दिसतात मला. दर रविवारी."

इंग्रजीत सरळ गेलेलं वाक्य मराठीत तुकड्यातुकड्यांनी आलं. साखरपुडा. आत्ता नको. पोराचं काही वाईटसाईट कानावर आलं का, तिनं विचारलं. नाही म्हटलं.

"मंग?"

"मग काही नाही. मला दम लागतो, आई."

ती साली हातात घेऊन तशीच दिवाणावर टेकली. मला वाटलं रागावेल. पण ती नुसती थकलेली दिसली, माझ्याइतकीच.

"तुझ्या बाबाला मी सांगणार न्हाई," ती म्हणाली. "तू सांग. मी बसते बाजूला."

बाबा आले की पाण्याचा तांब्या घेऊन आई नेहमी दारात असायची. त्या संध्याकाळी फाटकाशी स्कूटर थांबल्याचा आवाज आला, तरी ती उठली नाही. थोडी सरकली, आणि दिवाणावर तिनं माझ्यासाठी जागा केली.