भिंतीवरचा घास

आमच्या सोसायटीची टेकडीकडची भिंत गेल्या पावसाळ्यात कोसळली आणि खालच्या झोपडीत झोपलेला मजूर गेला. आता तिथे नवी भिंत आहे. झोपडीच्या जागी हिरवळ पेरली आहे, आणि पाखरांनी बी टिपू नये म्हणून माळ्याने वर चकचकीत पट्ट्या ताणल्या आहेत.

आज वर्षश्राद्धाला त्या मजुराची बायको आली. भिंतीवर पत्रावळ ठेवून कावळ्याची वाट पाहत बसली. कावळे यायचे आणि पट्ट्या लखलखल्या की परत फिरायचे. घासाला कावळा शिवेना, म्हणजे नवऱ्याची काही इच्छा राहिली, असं तिला वाटलं.

"पोरीची शाळा सोडवणार नाही," ती हात जोडून म्हणाली. मग, "तुमच्या आईला अंतर देणार नाही." शेवटी रडकुंडीला येऊन, "आता आणखी काय हवंय हो तुम्हाला?"

मी धावत जाऊन पट्ट्या तोडू लागलो.

"अरे, बी खातील ना सगळं!" बाल्कनीतून कोणीतरी ओरडलं.

जुन्या भिंतीचे तडे पाहून गप्प बसलेले सगळे वर उभे होते. त्या गेलेल्या माणसाला वचन द्यायचं, तर त्यांनी. पण खाली ती एकटीच देत होती.